फेरफारांची वही कोणाच्या हाती?



पत्रिकेतील आजच्या विषयाचे नाव वाचून पुष्कळांच्या कपाळाला आठी पडली असेल. संगणकाचे कार्यक्रम लिहिणारी मंडळी आपल्या लिखाणाच्या निरनिराळ्या आवृत्त्या सांभाळण्यासाठी काही साधने वापरतात. त्यांतील एक टाकून दुसरे का पत्करतात, हा प्रश्न वळसंगला येऊन विचारावा असा आहे काय, असे व्यवस्थापकांपैकीच एकाने आम्हांला विचारले. त्यांचे म्हणणे अगदीच गैर नव्हते. तथापि आमची अशी समजूत आहे की, ज्या घरातील मुलगा किंवा मुलगी पुण्यास अथवा बंगळूरास या धंद्यात आहे, त्या घरातील वडीलधाऱ्यांना आपले मूल दिवसभर तेथे करते तरी काय, हे कळले पाहिजे. दुसरे असे की, या प्रश्नाचे अर्धेअधिक उत्तर वळसंगकरांना आधीच ठाऊक आहे. ते त्यांनी शेतीच्या कागदपत्रांत पाहिलेले आहे.

आम्ही स्वतः या विषयाकडे वळलो ते एका फजितीमुळे. काही वर्षांपूर्वी आम्ही तिघे मिळून एका स्मरणिकेचे संपादन करीत होतो. मजकूर संगणकावर होता व तो तिघांच्या घरी फिरत असे. पहिल्या फाइलीचे नाव ‘अंतिम’. तीत दुरुस्त्या झाल्यावर ‘अंतिम नवे’. पुढे ‘अंतिम दुरुस्त’, आणि शेवटी वैतागून ‘हेच अंतिम’. छापखान्यात गेली ती मात्र दुसरी. तीत देणगीदारांच्या यादीतून एका गृहस्थांचे नाव राहून गेले. त्यांनी आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ देणगी दिली होती, आणि तिचे नाव छापलेले पाहावे एवढीच त्यांची इच्छा होती. पाचशे प्रती बांधून आल्यावर चूक ध्यानात आली. आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला, पावसापाण्याच्या गोष्टी केल्या आणि स्मरणिकेविषयी एक शब्दही काढला नाही. रागावले असते तर बरे झाले असते, असे परतताना तिघांनाही वाटले. वाईट गोष्ट ही की, ते नाव कोणीही मुद्दाम वगळलेले नव्हते. ते कोणी, केव्हा आणि कोणत्या प्रतीत घातले याची नोंदच कोठे नव्हती. त्यामुळे दोष कोणाचा हेही अखेरपर्यंत ठरले नाही.

आता शेताच्या कागदाकडे पाहा. वडील वारले आणि वारसांची नावे लागावयाची आहेत. अशा वेळी तलाठी (या पदाचे नाव अलीकडे बदलले असले तरी गावाच्या तोंडी अजून तेच आहे) सातबाऱ्यावरील जुने नाव पुसून त्या जागी नवे लिहीत नाही. प्रथम गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत, क्रमांक घालून नोंद होते. काय बदलले, कशावरून बदलले, कोणी कळविले, तारीख कोणती, हे सर्व तीत येते. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत राहते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मगच सातबाऱ्यावर तिचा अंमल होतो. जुन्या नावाला कंस पडतो. ते नाहीसे होत नाही. त्याच्याशेजारी फेरफाराचा क्रमांक राहतो, आणि पन्नास वर्षांनी नातवाला त्या क्रमांकाच्या आधाराने मागे मागे जाऊन आजोबांच्या खरेदीपर्यंत पोहोचता येते. भाऊबंदकीच्या कित्येक खटल्यांत सारा भार अशा एखाद्या क्रमांकावर असतो, हे येथे बसलेल्यांना आम्ही सांगावयास नको.

संगणकातील आवृत्तिनियंत्रण म्हणजे हीच फेरफाराची वही. एखाद्या बँकेचा व्यवहार चालविणारा कार्यक्रम लाखो ओळींचा असतो व शेकडो माणसे त्यात रोज काहीतरी बदलीत असतात. कोणी, केव्हा, कोणती ओळ, कशासाठी बदलली, हे ही साधने लिहून ठेवतात आणि एखादा बदल अंगाशी आला तर त्याच्या आधीची स्थिती परत आणून देतात. अशा एका नोंदीला ही मंडळी ‘कमिट’ म्हणतात. आम्ही नोंदच म्हणू. अशी वही असावी की नसावी याविषयी आज कोणाचा वाद नाही. वाद आहे तो, वही कोणाच्या घरी राहावी, तीत लिहिण्याचा अधिकार कोणाला असावा आणि दोघांनी एकाच वेळी लिहिले तर काय करावे, याविषयी. साधनांच्या जाहिरातींत वेगाच्या व सोयीच्या गोष्टी पुष्कळ असतात, आणि त्या खोट्या नसतात. परंतु एक साधन सोडून दुसरे घेणारी माणसे मुळात या तीन प्रश्नांची उत्तरे बदलीत असतात, असे आमचे मत झाले आहे.

आरंभीचा इतिहास थोडक्यात आटोपू. १९७२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकिंड यांनी एससीसीएस नावाचे साधन केले आणि १९८२ मध्ये पर्ड्यू विद्यापीठातील वॉल्टर टिची यांनी आरसीएस. दोहोंची रीत कुलपाची. ग्रंथालयात पुस्तकाची एकच प्रत असावी आणि एकाने ती नेली की दुसऱ्याने वाट पाहावी, तसे. ज्याने फाइल लिहिण्यासाठी काढून घेतली त्याच्यापाशी कुलूप; तो परत करीपर्यंत इतरांनी ती वाचावी, पण लिहू नये. घोटाळा होण्याची भीती नाही हा यातला गुण. दोष असा की, कुलूप लावणारा गृहस्थ जत्रेला गावी निघून गेला म्हणजे कचेरीतील सारे हात बांधले गेले.

यातून सुटका झाली ती एका घरगुती अडचणीतून. ॲमस्टरडॅमच्या विद्यापीठातील डिक ग्रुने हे आपल्या दोन विद्यार्थ्यांबरोबर एका कार्यक्रमावर काम करीत होते. एक विद्यार्थी नऊ ते पाच असा घड्याळाप्रमाणे काम करणारा. दुसऱ्याला वेळेचे बंधन मान्य नव्हते. आणि स्वतः गुरुजींना फक्त संध्याकाळी सवड मिळे. तिघांची गाठ पडावयाची कशी? म्हणून १९८६ च्या सुमारास त्यांनी कुलूपच काढून टाकले. प्रत्येकाने आपली प्रत घ्यावी, आपल्या वेळी लिहावे आणि शेवटी भांडारात ठेवताना इतरांच्या बदलांशी जुळवून घ्यावे. हेच सीव्हीएस. ‘आधी कुलूप, मग काम’ याऐवजी ‘आधी काम, मग समेट’ असा हा पालट होता. अशाने रोज भांडणे होतील अशी धास्ती अनेकांना वाटे. पण अनुभव असा आला की, माणसे बहुधा निरनिराळ्या ओळी बदलतात, आणि खरा तंटा क्वचितच पडतो.

सीव्हीएसचे दोष हळूहळू दिसू लागले. फाइलीचे नाव बदलले की तिचा पूर्वेतिहास तुटे. दहा फाइलींचा एक बदल पाठविताना मध्येच तार तुटली तर सहा जात व चार राहत. पाच वारसांपैकी तिघांची नावे लागावीत आणि तेवढ्यात दिवे जावेत, तशातली गत. हे दोष काढण्यासाठी २००० साली सबव्हर्जन हे नवे साधन हाती घेण्यात आले. त्याची पहिली पक्की आवृत्ती २००४ मध्ये निघाली. नोंद झाली तर सगळी होईल, नाहीतर मुळीच होणार नाही, हा त्याचा नियम. आणि साऱ्या भांडाराला मिळून एक, दोन, तीन असे सरळ चढते क्रमांक. तलाठी कार्यालयातल्या वहीशी याच्याइतके साम्य दुसऱ्या कशाचेच नाही. वही एक, कार्यालय एक, लिहिण्याचा अधिकार नेमून दिलेला. ज्या कंपनीस कोणाला काय दिसावे व कोणी कोठे लिहावे हे फडताळावार ठरवावयाचे असते, तिला ही रचना सोयीची वाटते, आणि यात हसण्यासारखे काही नाही.

पण कार्यालयापर्यंत पोहोचता आले पाहिजे. २००५ नंतरची भारनियमनाची वर्षे आठवा. वळसंगात बसून कोणी त्या काळी सबव्हर्जनवर काम करीत असता तर वीज आहे, पण दूरध्वनीची तार बंद. तार चालू आहे, पण सर्व्हर ज्या गावी आहे तेथे अंधार, असा खेळ त्याने रोज पाहिला असता. मजकूर आपल्याच यंत्रावर लिहिता येतो, पण तो वहीत चढत नाही. आणि वहीत न चढलेला बदल म्हणजे तोंडी केलेली वाटणी. केंद्रस्थानी वही ठेवण्याची खरी किंमत कोण देतो, तर केंद्रापासून दूर असलेला मनुष्य देतो. मुंबईतल्या कचेरीत बसलेल्याला ती जाणवतही नाही.

आता आम्ही मुख्य कथेकडे येतो. लिनक्स हे नाव आपण ऐकले असेल. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोन त्याच्याच गाभ्यावर चालतो. फिनलंडच्या लिनस टोर्वाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेले हे काम जगभरच्या लोकांनी वाढविले. अनेक वर्षे ते कोणत्याही वहीशिवाय चालले होते. लोक आपले बदल डाकेने पाठवीत आणि टोर्वाल्ड्स स्वतः ते वाचून घालीत. सीव्हीएसविषयी त्यांचे मत इतके वाईट होते की, त्यापेक्षा काहीच नसणे त्यांना पसंत होते. पुढे पाठविलेले बदल हरवू लागले, लोक कुरकुरू लागले. २००२ साली त्यांनी बिटकीपर नावाचे साधन घेतले. ते लॅरी मॅकव्हॉय यांच्या कंपनीचे, विक्रीचे साधन. पण लिनक्सच्या मंडळींना ते फुकट वापरावयास मिळाले. अट अशी की, हे फुकट वापरणाऱ्याने याच्या स्पर्धेत उतरेल असे साधन स्वतः तयार करू नये.

साधन उत्तम होते, याविषयी शत्रूंचेही दुमत नव्हते. ते मध्यवर्ती वहीवर उभे नव्हते. प्रत्येकापाशी भांडाराची पूर्ण प्रत असे. तरीही पुष्कळांना ही सोयरीक खटकत होती. जे लिखाण सर्वांना मोकळे, त्याची वही दुसऱ्याच्या तिजोरीत कशी, असा त्यांचा प्रश्न. टोर्वाल्ड्स यांचे उत्तर व्यवहारी होते: काम चांगले होते ना, मग झाले. २००५ च्या एप्रिलपर्यंत हे उत्तर पुरले. अँड्रयू ट्रिजेल नावाच्या ऑस्ट्रेलियातील प्रोग्रामरने बिटकीपरच्या सर्व्हरशी बोलणारे एक छोटे साधन केले. त्याने बिटकीपर कधी वापरलेच नव्हते, तेव्हा अटही स्वीकारलेली नव्हती. सर्व्हरला जोडून घेऊन त्याने ‘मदत’ या अर्थाचा इंग्रजी शब्द टाइप केला आणि सर्व्हरने आपल्या आज्ञांची यादी आपणच सांगितली, एवढे ते सोपे होते. कंपनीने मात्र याला कराराचा भंग मानले आणि फुकट परवाना काढून घेतला. मॅकव्हॉय यांच्या बाजूनेही बोलता येईल. धंदा त्यांचा, पैसा त्यांचा, आणि नक्कल होण्याची भीती खरी. परंतु परिणाम काय झाला? जगातील एका मोठ्या सार्वजनिक कामाची वही तीन वर्षे ज्याच्या घरी होती, त्याने एके दिवशी दार लावून घेतले.

टोर्वाल्ड्स यांनी लिनक्सचे काम बाजूला ठेवले आणि ३ एप्रिल २००५ च्या सुमारास स्वतःच साधन लिहावयास घेतले. ७ एप्रिलला ते साधन आपली स्वतःची वही आपणच ठेवू लागले, आणि १६ एप्रिलला लिनक्सची पहिली नोंद त्यात पडली. हेच गिट. त्याच कारणाने, त्याच महिन्यात मॅट मॅकॉल यांनी मर्क्युरियल हे दुसरे साधन जाहीर केले. दोन्ही मोकळी, दोन्ही एकाच जखमेतून निघालेली. जाता जाता सांगावयाचे म्हणजे, २०१६ साली बिटकीपरही सर्वांना मोकळे करण्यात आले. पण तोवर वऱ्हाड दुसऱ्या मांडवात बसले होते.

गिटची रीत समजण्यासाठी आम्ही तलाठ्याची वही सोडून पोथीकडे जातो. पूर्वी ज्ञानेश्वरीची एकच मूळ प्रत कोठे कुलपात ठेवून बाकीच्यांनी तेथे जाऊन वाचावी असे नव्हते. ज्याच्या घरी पोथी, त्याच्या घरी संपूर्ण ग्रंथ. एक घर जळाले तर ग्रंथ जळत नव्हता. गिट व मर्क्युरियल यांत असेच आहे: प्रत्येकाच्या यंत्रावर केवळ आजचा मजकूर नव्हे, तर पहिल्या दिवसापासूनची सबंध वही असते. वीज असो, तार नसो. नोंद आपल्या घरी करावी, आणि तार आल्यावर इतरांशी देवाणघेवाण करावी.

पण पोथ्यांचे पुढे काय झाले हेही आपणांस ठाऊक आहे. नकलणाऱ्याने ओवी गाळली, कोणी आपली घातली. तीनशे वर्षांत पाठ इतके वेगळे झाले की, शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांना प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध करावा लागला आणि यात कोणी आपली भर घालू नये असे बजवावे लागले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये आरंभिली. त्यासाठी बाराशेहून अधिक हस्तलिखिते पाहिली गेली, आणि काम पुरे झाले १९६६ मध्ये. मिलाफाला सत्तेचाळीस वर्षे! गिट तेच काम क्षणात कसे करते?

याचे उत्तर आमच्या स्मरणिकेतच आहे. समजा, तुमच्या प्रतीत त्या गृहस्थांचे नाव आहे आणि आमच्या प्रतीत नाही. एवढ्यावरून काय ठरते? तुम्ही ते नव्याने घातले असेल, किंवा आम्ही ते काढून टाकले असेल. दोन प्रती कितीही वेळ समोरासमोर धरल्या तरी हे कळणार नाही. पण जिच्यावरून तुम्ही व आम्ही दोघांनीही नक्कल केली ती तिसरी, जुनी प्रत हाती असेल, तर प्रश्न तत्काळ सुटतो. जुनीत नाव नाही, आमच्यात नाही, तुमच्यात आहे. म्हणजे तुम्ही घातले, आणि मिलाफात ते राहिले पाहिजे. पोथी लिहिणारा आपले नाव व तिथी कधीकधी लिही. पण कोणत्या पोथीवरून उतरविले हे बहुधा लिहीत नसे. गिटमधील प्रत्येक नोंद आपल्या आधीच्या नोंदीचे नाव सांगते. म्हणून दोन फाटे कितीही लांब गेले तरी त्यांचा समान पूर्वज सापडतो. खरा तंटा उरतो तो दोघांनी तीच ओळ निरनिराळ्या प्रकारे बदलली तर, आणि तो माणसांनीच मिटवावयाचा असतो.

आणखी एक चतुराई आहे. नोंदीचा क्रमांक एक-दोन-तीन असा नसतो. नोंदीतील मजकूर व आधीच्या नोंदीची खूण यांच्यावरून गणिताने एक चाळीस अक्षरांची खूण काढतात. मागील एखाद्या नोंदीतले एक अक्षर कोणी गुपचूप बदलले तर तिची खूण बदलते, म्हणून पुढचीची बदलते, आणि सारी साखळी बोंब ठोकते. फेरफाराच्या वहीला अशी सोय असती तर कित्येक वकिलांची मिळकत घटली असती.

इतके सांगितल्यावर श्रोत्यांस वाटेल की, मग सर्वांनी गिटच घेतले असणार. आज पाहिले तर होय. २०२२ च्या प्रोग्रामर मंडळींच्या एका मोठ्या पाहणीत शंभरांत नव्वदांहून अधिकांनी त्याचेच नाव सांगितले. पण ते वाटेत कसे घडले हे पाहण्याजोगे आहे, कारण शहाण्या लोकांनी त्याला नाकारलेही होते. पायथन या संगणकभाषेच्या मंडळींनी २००९ मध्ये तिन्ही-चारी साधने तोलून मर्क्युरियल निवडले. विंडोज यंत्रांवर गिट तेव्हा धड चालत नसे आणि त्याच्या आज्ञा अनेकांना चमत्कारिक वाटत. २०१७ साली तीच मंडळी गिटवर, आणि तेही गिटहब या संकेतस्थळावर गेली. मर्क्युरियल बिघडले होते काय? मुळीच नाही. नव्याने मदतीला येणाऱ्यांना गिटहब आधीच येत होते, एवढेच. मोझिलाने, म्हणजे फायरफॉक्सच्या कर्त्यांनी, २००७ मध्ये मर्क्युरियल घेतले. २०२३ मध्ये त्यांनीही गिटवर जाण्याचे जाहीर केले. उलट फेसबुकने २०१४ मध्ये मर्क्युरियल पत्करल्याचे सांगितले. त्यांचे भांडार अवाढव्य होते आणि मर्क्युरियलची अंतर्रचना आपल्या गरजेप्रमाणे फिरविणे त्यांना सोपे गेले. तेवढी माणसे पदरी असलेल्यालाच हे कारण परवडते.

चित्रांचे खेळ करणाऱ्या कंपन्यांत तर अजून कुलपाची रीत चालते. तेथे पर्फोर्ससारखी साधने आहेत. याचे कारण सोलापूरच्या माणसाला चटकन पटेल. जेकार्डच्या चादरीची नक्षी भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवर असते. दोघा नक्षीकारांनी एकाच मोरावर आपापल्या घरी हात चालविला, तर दोहोंचा मिलाफ करून तिसरा मोर होत नाही. एकाचा ठेवावा लागतो, दुसऱ्याचा टाकावा लागतो. ओळी जुळविता येतात, चित्र जुळविता येत नाही. तेव्हा आधी कुलूप हेच तेथे शहाणपण.

मराठीचा अनुभवही येथे सांगितला पाहिजे. लिनक्सच्या पडद्यावरील आज्ञा, सूचना, याद्या मराठीत आणण्याचे काम गेल्या पंचवीस वर्षांत झाले, त्यांतले पुष्कळ पुण्यात. जीनोम हा अशा पडद्यांचा एक मोठा संच आहे. त्याची भांडारे २००७ च्या जानेवारीत सीव्हीएसवरून सबव्हर्जनवर आली आणि २००९ च्या एप्रिलमध्ये गिटवर. म्हणजे अडीच वर्षांच्या आत भाषांतरकाराला दोन वेळा नवी रीत शिकावी लागली, आणि तीही त्याच्या गरजेपोटी नव्हे. त्याची गरज ती किती? मराठीची एक फाइल घ्यावयाची, ‘फाइल उघडा’, ‘छपाई करा’ अशी वाक्ये भरावयाची, परत द्यावयाची. त्याला फाटे नकोत, पूर्वज नकोत. केडीई या दुसऱ्या संचाच्या मंडळींनी हे ओळखले. २०१० नंतर त्यांचे कार्यक्रम गिटवर गेले, तरी भाषांतरे त्यांनी सबव्हर्जनमध्येच ठेवली. तेथे साऱ्या भांडारातून आपल्या भाषेचे एकच फडताळ काढून घेता येते. एकाच संस्थेत दोन वह्या हे व्यवस्थेच्या दृष्टीने विजोड दिसते. आम्हांला मात्र हा निर्णय साऱ्या कथेत सर्वांत समंजस वाटतो. कारण तो घेताना कोणीतरी भाषांतरकाराच्या खुर्चीत बसून पाहिले.

बाकीच्यांचे काय? बाकीचे बहुतांशी तेथे गेले, जेथे इतर गेले होते. याला मेंढरांची चाल म्हणून हिणविण्याचे कारण नाही. आठवड्याचा बाजार सोमवारी का भरतो, तर सगळे सोमवारी येतात म्हणून. ज्याला आपल्या कामात अनोळखी माणसांची मदत हवी, त्याने अनोळखी माणसांना येणारी रीत घेणे हा सरळ हिशेब आहे. मात्र ज्याला तशी मदत नको असेल, त्याने बाजाराला जाण्याची सक्ती नाही. रिचर्ड हिप यांनी एसक्यूलाइट नावाचे जे माहितीकोठार केले ते आपल्या जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये आहे; पण त्याची वही २००९ पासून ते स्वतःच लिहिलेल्या फॉसिल या साधनात ठेवीत आले आहेत. मोजकी माणसे, ओळखीची माणसे, आणि बाहेरचा बदल सहसा घ्यावयाचा नाही, असे धोरण असल्यावर गर्दीची सोय काय कामाची?

बाजाराला जाणाऱ्याने एक गोष्ट मात्र विसरू नये. बाजाराची जागा कोणाची तरी असते. बिटबकेट नावाचे स्थळ २००८ साली मर्क्युरियलसाठीच निघाले होते. पुढे त्याच्या मालकांनी गिटही ठेवावयास सुरुवात केली आणि २०२० मध्ये मर्क्युरियल बंद केले. ज्यांनी वेळेत आपल्या वह्या हलविल्या नाहीत, त्यांच्या तेथून काढून टाकण्यात आल्या. गिटहब २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरला विकत घेतले. २००५ साली दुसऱ्याच्या तिजोरीचा चटका बसला म्हणून जे साधन जन्माला आले, त्याच्या वह्या आज पुन्हा बहुसंख्येने एकाच घरी जमल्या आहेत. फरक आहे, आणि तो लहान नाही: प्रत्येकाच्या यंत्रावर पूर्ण वही आहे, तेव्हा दार लागले तरी मजकूर व इतिहास हातचा जाणार नाही. जाईल ती भोवतीची चर्चा. हा बदल का केला, कोणी हरकत घेतली, ती का फेटाळली, हा पत्रव्यवहार गिटच्या वहीत नसतो, त्या स्थळावर असतो. हरकतीचे कागद नसलेला फेरफार कोर्टात कसा उभा राहतो, हे आपण जाणता.

आता कोणी विचारील की, तुम्ही स्वतः काय निवडले? पुढल्या स्मरणिकेच्या वेळी समितीतील पुण्याच्या तरुणाने गिट सुचविले आणि एक दुपार घालवून ते आम्हांला शिकविले. आमच्या निवृत्त गुरुजींनी दोन प्रश्न विचारले. नोंद एकदा केली, तर ती पुन्हा ‘ढकलावयाची’ कशाला? आणि हा मुलगा परगावी बदलून गेला, तर गाठ कोण सोडवील? पहिल्याचे उत्तर त्याने छान दिले. दुसऱ्याचे कोणापाशी नव्हते, आणि सहा महिन्यांत तो खरोखरच बदलून गेला. तेव्हा समितीने मजकूर एका कंपनीच्या संकेतस्थळावर ठेवला आहे. तेथे सर्वांना एकदम लिहिता येते आणि कोणी काय बदलले ते मागे जाऊन पाहता येते. ज्यांना ही सोय कशी दिसते ते पाहावयाचे असेल, त्यांनी घरी गेल्यावर मराठी विकिपीडियावर सोलापूरचे पान उघडून ‘इतिहास पहा’ यावर बोट ठेवावे.

जागा दुसऱ्याची आहे हे आम्ही विसरलेलो नाही. म्हणून गुरुजी दर रविवारी सबंध मजकूर उतरवून तारखेसह आपल्या संगणकात ठेवतात, आणि शेजारी एक साधी वही आहे. तीत क्रमांक, तारीख, काय बदलले आणि कोणाच्या सांगण्यावरून, असे चार रकाने त्यांनी आखले आहेत. नोंद क्रमांक एक देणगीदारांच्या यादीची आहे. ती त्यांनी त्या गृहस्थांच्या घरी जाऊन, त्यांना वाचून दाखवून केली.